परक्या फौजेंत भरती

आपल्या देशाचें कोणाशींहि युद्ध नाहीं. अशा वेळीं एखादा नागरिक दुसऱ्यांच्या युद्धांत खुशीनें लढावयास गेला, तर सरकारचें काय बिघडलें? प्रश्न साधा दिसतो. पण इंग्लंडला त्याचें उत्तर फार महाग पडलें.

१८६२ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें व इंग्लंड तटस्थ होतें. प्रजाजनांनीं परक्या फौजेंत शिरूं नये व परक्यांसाठीं लढाऊ जहाजें सजवूं नयेत, असा १८१९ चा कायदाहि तेथें होता. तरीहि बर्कनहेडच्या गोदींत दक्षिणेकडील बंडखोर राज्यांसाठीं एक जहाज बांधलें गेलें. बंदर सोडतांना त्यावर तोफा नव्हत्या. त्या पुढें अझोर्स बेटांपाशीं चढविल्या. याच ‘अलाबामा’नें उत्तरेचीं साठांवर जहाजें पकडलीं वा जाळलीं. १८७२ सालीं जिनीव्हाच्या लवादानें इंग्लंडवर १ कोटी ५५ लक्ष डॉलर नुकसानभरपाई बसविली. सरकार तटस्थ असलें तरी प्रजेच्या उद्योगाचा जाब सरकारलाच द्यावा लागतो, हा धडा त्यांतून मिळाला. तत्पूर्वींच, १८७० सालीं, पार्लमेंटनें नवा कडक कायदा केला होता. मित्रराष्ट्राशीं लढणाऱ्या फौजेंत परवान्यावांचून शिरणें, दुसऱ्यास शिरावयास लावणें आणि अशा फौजेसाठीं जहाज बांधणें, हे तीनहि गुन्हे ठरले.

हिंदुस्थानांत १८७४ सालीं निराळा कायदा झाला. त्याचा रोख भरती होणाऱ्यापेक्षां भरती करणाऱ्यावर आहे. परराष्ट्रासाठीं चालणारी भरती सरकार हुकुमानें बंद करूं शकतें किंवा अटी घालून तिला परवानगी देऊं शकतें. तो हुकूम वा ती अट मोडून कोणास फूस लावल्यास, अथवा प्रवासास वा पैशानें जाणूनबुजून साहाय्य केल्यास, सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अर्थात् परक्या फौजेंतील प्रत्येक चाकरी गुन्हा नव्हे. नेपाळच्या गुरख्यांची ब्रिटिश व भारतीय सैन्यांतील भरती १९४७ च्या त्रिपक्षीय कराराप्रमाणें उघडपणें ठरली.

कायदा करणें सोपें, पण लागू करणें अवघड. १९३७ च्या जानेवारींत इंग्लंडनें आपला कायदा स्पेनच्या यादवीस लागू असल्याचें जाहीर केलें. तरी स्वयंसेवक जातच राहिले आणि कोणावरहि खटला झाला नाहीं. दूरच्या रणांगणावर कोणीं काय केलें, याचा पुरावा आणणार कोठून?

म्हणूनच भरती करणाऱ्यास धरणें अधिक शहाणपणाचें. २०२४ च्या मार्चमध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें मुंबईसह सात शहरांत झडत्या घेतल्या. मदतनीसाची वा तत्सम नोकरी सांगून तरुणांना रशियास नेलें व युद्धाच्या आघाडीवर ढकललें, असा दलालांवर आरोप होता. त्या तरुणांपैकीं कांहींजण परत आलेच नाहींत.

येथें तटस्थतेहून मोठा प्रश्न उभा राहतो. जो जाणूनबुजून लढावयास गेला तो आणि जो पोटासाठीं गेला व फसला तो, हे दोघे एका मापानें मोजतां येत नाहींत. आपल्या घरांतला मुलगा परदेशीं नोकरीस निघाला, तर पगाराचा आंकडा विचारण्यापूर्वीं चाकरी कोणाची व करार कोणत्या भाषेंत आहे, एवढें विचारावें. जी भाषा आपणांस वाचतां येत नाहीं, तिच्यांतील कागदावर सही करूं नये.