मुक्त खेळाडू पद्धती, अमेरिकन फुटबॉलमधील

कराराची मुदत संपलेल्या व्यावसायिक खेळाडूस आपल्या पसंतीच्या संघाशी नवा करार करण्याचा हक्क देणारी पद्धती. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रचलित असलेला, लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा व फेकण्याचा खेळ अभिप्रेत आहे. भारतात फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा खेळ नव्हे. या खेळाच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ (स्थापना १९२०) या संघटनेत ३२ संघ असून प्रत्येकास सामान्यतः ५३ खेळाडू ठेवता येतात. ते मिळविण्याचे मार्ग मुख्यत्वे तीन : महाविद्यालयीन खेळाडूंमधून होणारी वार्षिक निवड म्हणजे ‘ड्राफ्ट’, अन्य संघाशी अदलाबदल आणि मुक्त खेळाडूंशी करार. तिसरा मार्ग सर्वांत झटपट फळ देणारा भासतो. मात्र केवळ त्यावर विसंबून अजिंक्य संघ उभा राहिल्याची उदाहरणे विरळाच आढळतात.

हा हक्क खेळाडूंना सुखासुखी मिळालेला नाही. १९३६ पासून सुरू झालेल्या ड्राफ्टमुळे खेळाडूस त्याची निवड करणाऱ्या संघाशीच बोलणी करावी लागत. पुढे करार संपवून कोणी दुसरीकडे गेलाच, तर नव्या संघाने जुन्या संघास कोणता मोबदला द्यावा हे संघटनेचे आयुक्त पीट रोझेल ठरवीत. १९६३ मध्ये आलेल्या या ‘रोझेल नियमा’मुळे बाहेरचा खेळाडू घेण्यास सहसा कोणी धजावत नसे. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जॉन मॅकी व इतर यांनी दाखल केलेल्या दाव्यात १९७६ मध्ये हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याशी विसंगत ठरला. परंतु पुढच्याच वर्षीच्या सामूहिक करारातील अटी अशा होत्या, की प्रत्यक्षात स्थिती फारशी पालटली नाही. १९८२ व १९८७ मध्ये संप झाले. १९८९ पासून संघांनी ३७ खेळाडू राखून उरलेल्यांना मोकळे करावे, अशी योजना आली. चांगले खेळाडू साहजिकच राखलेल्यांत राहत. फ्रीमन मॅक्नील व अन्य सात जणांच्या दाव्यात १९९२ मध्ये ज्यूरीने ही योजनाही बेकायदा ठरविली. त्यानंतरच्या तडजोडीनुसार मार्च १९९३ पासून खऱ्या अर्थाने मुक्त करार सुरू झाले. त्याची किंमत म्हणून खेळाडूंनी संघाच्या एकूण वेतनावरील मर्यादा मान्य केली.

ही वेतनमर्यादा १९९४ मध्ये ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लक्ष डॉलर झाली. ती सर्व संघांना सारखीच असल्याने एका खेळाडूवर केलेला खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून वजा होतो. करार करतानाच दिली जाणारी ठोक रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, समान विभागली जाते. उदा., चार वर्षांच्या करारात १ कोटी २० लक्ष डॉलर ठोक दिल्यास दरवर्षी ३० लक्ष धरले जातात. खेळाडूस दोन वर्षांनी काढून टाकल्यास उरलेले ६० लक्ष, तो संघात नसतानाही, मर्यादेत मोजावे लागतात. या रकमेस व्यवहारात ‘मृत पैसा’ म्हणतात व अनेक संघ त्याच्या ओझ्याखाली दबलेले आहेत.

मुक्त करार आले तर नामांकित खेळाडू मोठ्या शहरांतच एकवटतील, असे भाकीत केले जाई. ते लगोलग खोटे ठरले. बचाव फळीतील रेजी व्हाइट या अग्रगण्य खेळाडूने एप्रिल १९९३ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ सोडून विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्सशी चार वर्षांसाठी १ कोटी ७० लक्ष डॉलरचा करार केला. ग्रीन बे हे सुमारे एक लाख वस्तीचे, कडक थंडीचे शहर. तेथे जाण्यास कृष्णवर्णीय खेळाडू सहसा नाखूष असत. व्हाइटच्या पाठोपाठ इतरही आले आणि जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सनी ‘सुपर बोल’ हा अजिंक्यपदाचा सामना ३५–२१ असा जिंकला. त्यात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या सूत्रधार खेळाडूला) व्हाइटने तीनदा पाडले. तर १९९६ मध्येच मुक्त खेळाडू म्हणून घेतलेल्या डेझमंड हॉवर्डने चेंडू घेऊन ९९ यार्ड धाव घेतली व तो सामन्याचा मानकरी ठरला. तथापि संघाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह हा १९९२ मध्ये अदलाबदलीने आलेला होता, हे विसरता येत नाही.

याउलट वॉशिंग्टनच्या संघाने २००० साली डीऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ असे उतारवयाकडे झुकलेले नामवंत गोळा केले आणि १६ पैकी ८ सामने गमावले. २०११ मध्ये फिलाडेल्फियाने तोच कित्ता गिरवला. फळही तेच मिळाले. याचे कारण बाजाराच्या स्वरूपात आहे. खेळाडूची खरी पारख त्याच्या जुन्या संघास असते आणि बहुधा त्यानेच त्याला जाऊ दिलेले असते. शिवाय सर्वाधिक बोली लावणारा संघ हा पुष्कळदा खेळाडूचे मोल सर्वांत जास्त फुगवून पाहणारा असतो. पैसा गतकामगिरीचा दिला जातो, खेळ मात्र पुढचा हवा असतो.

उत्तम क्वार्टरबॅक तर क्वचितच मोकळा होतो. झालाच तर दुखापत वा वय यांमुळे. ड्रू ब्रीझच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असता न्यू ऑर्लीन्सने २००६ मध्ये त्याला घेतले. त्याच्या जोरावर, कॅटरिना चक्रीवादळाने (२००५) उद्ध्वस्त झालेल्या या शहराने फेब्रुवारी २०१० मध्ये पहिले अजिंक्यपद मिळविले. मानेवर शस्त्रक्रिया झालेला पेटन मॅनिंग २०१२ मध्ये डेन्व्हरकडे आला. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्व्हर अंतिम सामन्यात ४३–८ असे हरले. तेव्हा व्यवस्थापनाने त्याच मार्चमध्ये डीमार्कस वेअर, अकीब टालिब व टी. जे. वॉर्ड हे तिघे बचावपटू घेतले. फेब्रुवारी २०१६ मधील विजय मुख्यतः बचावाचा होता आणि त्याचा मानकरी व्हॉन मिलर हा ड्राफ्टमधून (२०११) आलेला होता. गाभा घरचा व उणिवा बाहेरून भरलेल्या, हीच रचना बहुतेक विजयी संघांत दिसते.

२०११ च्या सामूहिक करारात नवोदितांच्या वेतनश्रेणी आखून दिल्या गेल्या. त्यामुळे ज्या संघाचा क्वार्टरबॅक तरुण व स्वस्त असेल, त्यास काही वर्षे मुक्त खेळाडूंसाठी पैसा मोकळा राहतो. फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये याचा लाभ घेतला. त्या वर्षी राखीव म्हणून घेतलेला निक फोल्स हा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जायबंदी झाल्यावर खेळला आणि फेब्रुवारी २०१८ च्या विजयाचा मानकरी ठरला.

खेळाडूच्या बाजूने पाहता हा हक्क आजही अपुरा आहे. पूर्ण मुक्ततेसाठी चार हंगाम खेळलेले असावे लागतात आणि या अंगमोडीच्या खेळात पुष्कळांची कारकीर्द त्याआधीच आटोपते. शिवाय प्रत्येक संघ दरवर्षी एका खेळाडूस ठरीव वेतनावर एक वर्ष अडवून ठेवू शकतो. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने अशी अट सलग दुसऱ्या वर्षी नाकारून २०१८ चा सबंध हंगाम खेळण्यावाचून घालविला. २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला चार वर्षांचा करार दिला व ऑक्टोबर २०२० मध्ये काढून टाकले.