रिंगण : बारामती-इंदापूरच्या वाटेवरील दिंड्यांचे नृत्य

विसाव्या शतकात अनेक राष्ट्रांनी आपली लोकनृत्ये रंगमंचावर आणण्यासाठी नृत्यपथके उभारली. मॉस्कोत १९३७ साली इगोर मोइसेयेव यांनी स्थापन केलेले पथक हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण होय. भारतात १९५३ साली संगीत नाटक अकादमीचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी पुण्यात भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सवाचा पाया घातला. या सर्व व्यवस्थांत करणारा आणि पाहणारा वेगळा असतो, एक उजेडात उभा राहतो व दुसरा अंधारात बसतो, हे गृहीत धरलेले असते. वारकऱ्यांच्या दिंडीत मात्र ही विभागणीच नाही; म्हणूनच गाणे, वादन आणि नाचणे यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी ही संस्था नृत्याच्या इतिहासात फारशी नोंदली गेली नाही आणि तिच्याकडे केवळ भक्तीचा किंवा गर्दीचा विषय म्हणून पाहिले गेले. हा अन्याय किती मोठा आहे, हे देहूहून निघणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्याच्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील टप्प्यावर विशेष स्पष्ट होते.

तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र सोहळा उभा केला. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे त्यांनी आखून दिलेल्या क्रमावर लष्करी शिस्तीची छाप उमटली. आळंदीच्या सोहळ्यात आजही कर्ण्याच्या इशाऱ्यावर दिंड्या निघतात आणि मुक्कामावरील समाजआरतीच्या वेळी शिस्त राखणाऱ्या चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की टाळमृदंगांचा सारा गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते आणि तिचे म्हणणे तिथेच ऐकून घेतले जाते. वाद्याचा आवाज हाच अर्ज मानण्याची ही रीत दिंडीच्या अंतर्गत कारभाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

दिंडी म्हणजे ठरावीक गावाचे, फडाचे किंवा गुरुपरंपरेचे एकत्र चालणारे पथक होय. पालखीच्या रथाच्या पुढे की मागे आणि कितवी, हे तिचे स्थान क्रमांकाने ठरलेले असते. सभासदांनी भरायच्या वर्गणीला भिशी म्हणतात आणि तिच्यातून शिधा, तंबू व सामानाची गाडी यांचा खर्च चालतो. रचनेत पताकाधारी पुढे, त्यांच्यामागे रांगा धरून टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी, नंतर वीणेकरी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असतात. वीणेकरी हा दिंडीचा मध्यबिंदू मानला जातो. त्याने गळ्यात घेतलेली वीणा जमिनीवर ठेवायची नसते. थकल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचे असा दंडक आहे. कोणते अभंग कोणत्या वेळी म्हणायचे हेही भजनी मालिकेने बांधून दिलेले असल्यामुळे पहाटेचा काकडा, दिवसा वाटचालीतील रूपाचे अभंग व गौळणी आणि संध्याकाळचा हरिपाठ यांचा क्रम गाणाऱ्याच्या लहरीवर सोडलेला नसतो. नाट्यसंस्थेचा नाट्यसंच असावा तसा हा संच आहे. फरक एवढाच की तो सर्व सभासदांना मुखोद्गत असतो.

चालीचा पाया आठ मात्रांचा भजनी ठेका आहे. मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून तिचा आवाज खोल केलेला असतो, त्यामुळे ठेक्याचा भार मागच्या रांगेतल्या पावलांपर्यंत पोहोचतो. या ठेक्यावर टाळकरी जे पाऊल टाकतात त्याला पावली म्हणतात. समोरासमोरच्या दोन रांगा पुढे सरकतात, मागे हटतात, कमरेतून वाकताना टाळ गुडघ्यापाशी येतात आणि शरीर उभे होताना डोक्यावर जातात; लय वाढत गेली की तीच पावली उडीत बदलते. मृदंगी स्वतः नाचत असतो आणि त्याचा हात चुकत नाही, ही गोष्ट पाहणाऱ्याला सहज वाटते, पण ती वर्षानुवर्षांच्या सवयीने साधलेली असते. फुगडी, हमामा, हुंबरी, हुतुतू हे गावातले खेळ संतांनी आपल्या अभंगांतून रूपक म्हणून वापरले आणि दिंडीने ते अंगणातून उचलून वाटेवर आणले. येथे वय आणि मान बाजूला ठेवून म्हातारे वारकरी तरुणांबरोबर फुगडी घालतात.

बारामतीचा मुक्काम आटोपून पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट समाजातील मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि त्यानंतर मेंढ्यांचे रिंगण होते. पर्जन्यछायेतील हा मुलूख कालव्याच्या पाण्याने उसाचा झाला असला तरी त्याच्या जिरायत भागात मेंढपाळी टिकून आहे आणि धनगर आपला कळप रथाभोवती धावता करून, जनावरांना रोगराई न होवो असे मागणे घालतात. माणसांच्या नृत्यात जनावरांना इतके हक्काचे स्थान देणारे दृश्य अन्यत्र विरळाच.

सणसरचा मुक्काम संपवून निघालेला सोहळा बेलवडीला आला की पहिले गोल रिंगण लागते. दुसरे इंदापुरात होते. रिंगण म्हणजे मोकळ्या मैदानात पालखी मध्यभागी ठेवून, तिच्याभोवती दिंड्या उभ्या करून, मध्ये वर्तुळाकार धावपट्टी राखण्याची रचना. चोपदार ही रचना लावतात आणि हजारो माणसे दोरीवाचून वर्तुळात उभी राहतात. प्रथम पताकाधारी धावतात, मग तुळशी आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया, मग वीणेकरी, मृदंगी व टाळकरी. वीणा छातीशी धरून धावणाऱ्या वृद्ध वीणेकऱ्याची चाल हा या क्रमातला सर्वांत हेलावणारा भाग आहे. शेवटी दोन अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ रिकामी असते, कारण त्यावर खुद्द संत आरूढ आहेत अशी श्रद्धा आहे. फेरी संपताच लोक टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी झेपावतात आणि धावपट्टीचे ते वर्तुळ क्षणात पुसले जाते. जे नृत्य आपला रंगमंच असा मस्तकी लावून संपवते, त्याचे जतन चित्रफितीने होणार नाही. त्याला दरवर्षी प्रत्यक्ष जमीन लागते.

जमिनीचा हा मुद्दा आज महत्त्वाचा झाला आहे. पाटस, बारामती, इंदापूर या वाटेने जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली आणि वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ आखण्यात आला. चालणाऱ्यांची सोय त्यामुळे होईल, यात शंका नाही. परंतु पदपथ सरळ जातो आणि रिंगणाला वर्तुळ हवे असते. वाढत्या गावांत मैदाने कमी होत असताना या जागा मोकळ्या राखणे हे रस्ता बांधण्याइतकेच आवश्यक काम आहे. कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या, म्हणजे परंपरेचा धागा तुटला नाही. पण त्या दोन आषाढांत बेलवडीच्या मैदानावर पावली पडली नाही, आणि दिंडीत नव्याने उभ्या राहिलेल्या मुलांना पाऊल शिकण्याची दोन वर्षे गेली, कारण ही विद्या शेजारच्या माणसाच्या पायाकडे पाहूनच येते.

इंदापूरनंतर सराटीला नीरेच्या पाण्यात तुकोबांच्या पादुकांना स्नान घातले जाते आणि नदी ओलांडून सोहळा पुणे जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. पलीकडच्या काठावर अकलूज आहे. लावणीच्या स्पर्धांसाठी नावाजलेल्या या गावात लावणीसाठी मंच बांधतात, तिकीट असते, परीक्षक बसतात. आणि त्याच गावातल्या शाळेच्या मैदानावर आषाढात पुन्हा दिंड्या उभ्या राहतात, चोपदार हातातल्या चोपाने माणसे मागे सारत वर्तुळ मोकळे करतो आणि पहिली पताका धावू लागते.