सन्मान एकाचा, आधार अनेकांचा

गाणे ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनात गायकाचे नाव राहते. त्या गायनाला साथ करणारे वादक, ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ, गावोगावी ध्वनिक्षेपक वाहून नेणारे कामगार यांची नावे सहसा कोणाला ठाऊक नसतात. यांपैकी बहुतेकांना मासिक वेतन नसते. कार्यक्रम झाला तरच मोबदला मिळतो. आजारपण आले की मिळकत थांबते आणि खर्च मात्र वाढतो. अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथे वैद्यकीय उपचार अतिशय महाग असून अनेकांचा आरोग्यविमा त्यांच्या नोकरीशी जोडलेला असतो. ज्याला कायम नोकरी नाही, त्याला विम्याचा भार बहुधा स्वतःच उचलावा लागतो.

ही अडचण ओळखून, ‘ग्रॅमी’ पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीने १९८९ मध्ये ‘म्युझिकेअर्स’ ही सेवाभावी संस्था स्थापन केली. संगीत व्यवसायातील गरजू व्यक्तींना औषधोपचार, घरभाडे, व्यसनमुक्ती अशा कारणांसाठी ती साहाय्य करते.

या कार्यासाठी निधी उभारण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे संस्थेचे वार्षिक सन्मानभोजन. ‘ग्रॅमी’ समारंभाच्या आधी एक-दोन दिवस, बहुधा लॉस एंजेलिस येथे, ते आयोजित केले जाते. कलेतील कर्तृत्व आणि समाजसेवा या दोन्हींचा विचार करून सत्कारमूर्तीची निवड होते. १९९१ मध्ये पहिला सन्मान डेव्हिड क्रॉस्बी यांना मिळाला. पुढे स्टीव्ही वंडर, अरीथा फ्रँकलिन, पॉल मॅकार्टनी, डॉली पार्टन आदी कलावंत या सन्मानाचे मानकरी ठरले. कोविडच्या साथीमुळे २०२१ मध्ये मात्र हा भोजनसमारंभ होऊ शकला नाही.

समारंभाची रचना विचारपूर्वक केलेली असते. संगीत कंपन्या आणि धनिक रसिक मोठी रक्कम देऊन भोजनाची आसने घेतात. भोजनापूर्वी मूक लिलाव होतो. त्यात बोली मोठ्याने पुकारली जात नाही. वाद्ये, स्वाक्षरी केलेल्या वस्तू इत्यादींसाठी लेखी बोली लावली जाते. त्यानंतर अन्य नामवंत कलावंत सत्कारमूर्तीचीच गीते सादर करतात. संगीतातून ज्यांना विपुल धन मिळाले, त्यांच्याकडून त्या धनाचा काही अंश त्याच क्षेत्रातील गरजूंपर्यंत पोहोचवणे, हा यामागील हेतू असतो.

६ फेब्रुवारी २०१५ रोजी कवी-गायक बॉब डिलन यांचा सन्मान झाला. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर या वेळी उपस्थित होते. पंडित रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स यांनीही डिलन यांचे गीत गायिले. डिलन यांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ भाषण केले. त्यात त्यांनी बिली ली रायली या गायकाची आवर्जून आठवण काढली. मेम्फिसच्या ‘सन रेकॉर्ड्स’ या कंपनीसाठी रायली यांनी १९५७ मध्ये ‘रेड हॉट’ हे गीत ध्वनिमुद्रित केले होते. परंतु कंपनीने त्याच काळात जेरी ली लुईस यांच्या गीताच्या प्रसिद्धीवर भर दिला आणि रायली मागे पडले. २००९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजारपणात डॉक्टरांची देयके ‘म्युझिकेअर्स’ने भरली, हातखर्चाला पैसे दिले आणि त्यांचे अखेरचे दिवस सुसह्य केले, असे डिलन यांनी कृतज्ञतेने सांगितले. स्वतःच्या सत्काराच्या प्रसंगी एका विस्मृत कलावंताचे नाव घेऊन त्यांनी समारंभाचे प्रयोजनच स्पष्ट केले.

व्यक्तिगत संकटांप्रमाणेच सामूहिक आपत्तीतही संस्था धावून जाते. २००५ मध्ये ‘कॅटरिना’ चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्समधील वादकांची घरे व वाद्ये हिरावून घेतली. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे सर्व रंगमंच बंद पडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात भीषण वणवे पेटले. या तिन्ही प्रसंगी संस्थेने साहाय्यनिधी उभारला.

एका रात्रीच्या भोजनाने सर्व कलावंतांचे भविष्य सुरक्षित होत नाही. त्यासाठी विमा आणि निवृत्तिवेतनाची कायमची व्यवस्थाच हवी. तथापि, ती होईपर्यंत रुग्णशय्येवरील वादकाला थांबता येत नाही. त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याच्यासाठी निधी राखून ठेवलेला असेल, तर त्या मदतीला भिक्षेचे रूप येत नाही. ती आपल्या माणसांनी दिलेली साथ ठरते.