शाळाच उरली नाही, तरी जवान जमले : इटियाडोहजवळच्या तिबेटी कॅम्पशी नातं सांगणारी अमेरिकेतली गुप्त लष्करी शाळा

अर्जुनी मोरगाव : गोठणगावहून इटियाडोह धरणाकडे जाताना रस्त्यालगत रंगीबेरंगी पताका दिसायला लागल्या की समजायचं, तिबेटी कॅम्प आला. कागदोपत्री या वसाहतीचं नाव नॉर्ग्येलिंग. १९७२ मध्ये ती वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही माणसं आपली शेजारी आहेत. धान पिकवतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जातात, प्रतापगडच्या यात्रेची गर्दी आपल्यासारखीच पाहतात.

पण ही माणसं इथवर आली कशी, आणि त्यांच्या इतिहासाचा एक धागा अमेरिकेतल्या बर्फाळ डोंगरात असलेल्या एका लष्करी शाळेपर्यंत कसा जातो, हे परिसरातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. ती शाळा आता जागेवर नाही. तरीही २०१० मध्ये तिथे शिकलेले काही म्हातारे जवान आणि त्यांना शिकवणारे मास्तर पुन्हा त्याच मैदानावर एकत्र आले. तो मेळावा कशासाठी होता, समजून घेऊ.

शाळा कुठे होती?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात समुद्रसपाटीपासून ९ हजार २०० फुटांवर एक खोरं आहे. दुसऱ्या महायुद्धात बर्फात आणि डोंगरात लढणारी फौज तयार करण्यासाठी १९४२ मध्ये तिथे 'कॅम्प हेल' हा तळ उभारला गेला. सपाट जागा हवी म्हणून तिथली ईगल नदी वळणं काढून चक्क सरळ केली. सुमारे १५ हजार सैनिक राहतील एवढी ती छावणी होती. युद्ध संपलं आणि बराकी रिकाम्या झाल्या.

१९५८ ते १९६४ या काळात याच ठिकाणी अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने तिबेटी तरुणांना गुपचूप लष्करी शिक्षण दिलं. आधीच्या काही तुकड्यांना इतरत्र शिकवलं होतं, पण तिथली उष्ण हवा तिबेटींना सोसली नाही. कॅम्प हेलची थंडी आणि उंची गावाकडच्यासारखी वाटली. त्यांनी या जागेला 'डुमरा' म्हणजे 'बाग' असं नाव दिलं.

काय शिकवायचे?

नकाशा वाचणं, वायरलेसवर संदेश पाठवणं, पॅराशूटने उडी मारणं, पूल आणि रस्ते उडवणं, छोट्या टोळीने मोठ्या फौजेला सतावणं. तिबेटी नावं उच्चारायला जड, म्हणून मास्तरांनी प्रत्येकाला एकेक अमेरिकन नाव देऊन टाकलं. आपण नेमके कुठे आहोत, हेही या पोरांना सांगितलेलं नव्हतं. बाहेरच्यांनी तिकडे फिरकू नये म्हणून तिथे अणूशी संबंधित प्रयोग चालतात, अशी बातमी पसरवण्यात आली होती.

शिकून झालं की यातले काही जण रात्रीच्या अंधारात विमानातून तिबेटमध्ये उतरवले जात. त्यातले बहुतेक परत आले नाहीत.

१९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासातून निघून भारतात आले. त्यांच्या प्रवासाची खबर वायरलेसवरून बाहेर पोहोचवणारे दोघे तिबेटी याच मोहिमेत, पण कॅम्प हेल सुरू होण्याआधी, पॅसिफिक महासागरातल्या सायपान बेटावर तयार झाले होते. दलाई लामांच्या मागोमाग हजारो निर्वासित आले. केंद्र सरकारने वेगवेगळ्या राज्यांना जमीन मागितली, आणि पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली वसाहत म्हणजे आपला हा तिबेटी कॅम्प.

मग शाळा बंद का पडली?

तिबेटच्या आत टोळ्या टिकेनात. नेपाळच्या मुस्तांग भागातून कारवाया सुरू राहिल्या, पण अमेरिकेचं धोरण बदलत गेलं. १९६४ मध्ये शाळेला कुलूप लागलं. पुढे इमारती मोडल्या आणि जमीन अमेरिकेच्या वनखात्याकडे गेली. १९७४ मध्ये दलाई लामांनी रेकॉर्ड केलेल्या आवाजातून मुस्तांगमधल्या लढवय्यांना हत्यारं खाली ठेवायला सांगितलं. तोही अध्याय संपला.

भारतातलं काय?

चीनशी युद्ध सुरू असतानाच, १४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताने तिबेटी जवानांचं एक गुप्त दल उभं केलं. स्पेशल फ्रंटियर फोर्स, म्हणजेच 'एस्टॅब्लिशमेंट २२'. त्याचं ठाणं उत्तराखंडातल्या चक्राता इथे. देशभरातल्या तिबेटी वसाहतींतली पोरं या दलात भरती होत आली.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात मेजर जनरल सुजान सिंग उबान यांच्या हाताखाली या दलाचे सुमारे ३ हजार जवान चितगावच्या डोंगरात लढले. ५६ जण कामी आले, १९० च्या आसपास जखमी झाले. पण दलच गुप्त. त्यामुळे जाहीर शौर्यपदकं नाहीत, सत्कार नाही, पेपरात फोटो नाही. घरच्यांनाही किती सांगायचं, हा प्रश्नच.

२०१० चा मेळावा

अशा लोकांची अडचण वेगळीच असते. साधा माजी सैनिक आपल्या ट्रेनिंग सेंटरला जातो, परेड ग्राउंड दाखवतो, नातवाला सांगतो, 'मी इथं रगडा खाल्ला.' डुमराच्या पोरांना बोट दाखवायलाही जागा नव्हती. बराकी नाहीत, फलक नाही, सरकारी कागदातही तोंड बंद.

सप्टेंबर २०१० मध्ये हे बदललं. सिनेटर मार्क युडॉल यांच्या पुढाकाराने कॅम्प हेलच्या मैदानावर एक फलक बसवण्यात आला. इथे तिबेटी लढवय्यांना शिकवलं गेलं, एवढी साधी गोष्ट शाळा बंद झाल्यावर ४६ वर्षांनी त्या जागेवर लिहिली गेली. त्या दिवशी हयात असलेले काही तिबेटी जवान आणि त्यांचे अमेरिकन मास्तर एकमेकांना भेटले. तरुणपणी निरोप घेतलेली ती माणसं आता काठी टेकत आली होती. त्यांची वयं पाहता असा मेळावा पुन्हा तेवढ्याच माणसांनिशी भरणं अवघड, हे सगळ्यांनाच कळत होतं.

आता त्या जागेचं काय होतंय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांनी कॅम्प हेल आणि आजूबाजूचा डोंगराळ भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. सरळ केलेल्या नदीला तिची जुनी वळणं परत द्यायची, पाणथळ जागा पुन्हा तयार करायच्या, जमिनीत राहिलेला जुना दारूगोळा काढायचा, अशी कामं तिथे चर्चेत आहेत. म्हणजे जवानांनी पाहिलेलं मैदान उद्या तसंच दिसेल, याची खात्री नाही. नदी तिच्या जागी गेली तर चांगलंच. पण फलक वेळेवर बसला नसता, तर गवताखाली काय होतं हे सांगणारं कोणी उरलं नसतं.

धरणाच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं, त्यांना हे वेगळं समजावायला नको. जागा गेली की आठवण माणसांच्या भरवशावर राहते, आणि माणसं एकेक करून कमी होत जातात.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

२०२० च्या ऑगस्ट अखेरीस लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळ याच दलाचे न्यिमा तेनझिन शहीद झाले. लेहमधल्या अंत्यविधीत त्यांच्यासाठी तिरंगा आणि तिबेटी झेंडा सोबत दिसला. इतकी वर्षं लपलेलं दल देशाने पहिल्यांदा एवढ्या उघडपणे पाहिलं.

डुमराच्या जवानांना फलकासाठी ४६ वर्षं थांबावं लागलं. तोवर कितीतरी जण गेले होते. तिबेटी वसाहतींमधली पहिली पिढीही आता थकली आहे. डोंगर ओलांडून आलेली, भारताची वर्दी घातलेली माणसं देशभरातल्या वसाहतींत आहेत. आपल्या तालुक्यातल्या शाळकरी पोरांना इटियाडोहची सहल ठरलेली असते. जाता-येता तिबेटी कॅम्पमध्ये थांबून, परवानगी घेऊन, एखाद्या आजोबांना 'तुम्ही इथं कसे आलात?' एवढं विचारलं तरी चालेल. सांगायचं किती, ते त्यांनी ठरवावं. विचारायचं मात्र आजच.