सतरा मिनिटांचा इशारा

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात जॉपलिन नावाचे शहर आहे. २२ मे २०११ रोजी संध्याकाळी ५ वाजून ३४ मिनिटांनी या शहराच्या पश्चिम सीमेवर टोर्नेडो जमिनीला टेकला. ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इशारा मिळाला नव्हता का? मिळाला होता, तोही १७ मिनिटे आधी. मग असे का झाले?

तेथे टोर्नेडोच्या सूचना दोन प्रकारच्या असतात. पहिली ‘वॉच’. तिला आपण दक्षतेची सूचना म्हणू. जमिनीलगत उष्ण, दमट हवा, वर थंड व कोरडी हवा आणि उंचीनुसार झपाट्याने बदलणारा वारा असा योग जुळला, की ओक्लाहोमातील नॉर्मन येथील केंद्र ती मोठ्या प्रदेशासाठी, काही तासांकरिता देते. जॉपलिनला ती दुपारी दीड वाजता मिळाली होती. दुसरी ‘वॉर्निंग’, म्हणजे धोक्याचा इशारा. टोर्नेडो कोणी प्रत्यक्ष पाहिला किंवा रडारवर त्याची खूण दिसली, की स्थानिक हवामान कार्यालय तो लहान क्षेत्रापुरता देते. पहिल्या सूचनेनंतर तयारी करायची, दुसरीनंतर ताबडतोब आसरा घ्यायचा.

रडारवर नेमके काय दिसते? पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हे डॉप्लर रडारला कळते. शेजारीशेजारी काही थेंब येताना व काही जाताना दिसले, तर तेथील हवा गरगरत आहे असे आपण समजतो. परंतु रडारचा झोत किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे १०० किलोमीटर अंतरावर तो जमिनीपासून एक किलोमीटरहून अधिक उंचीवरून जातो. ढगातील भोवरा दिसतो, पण तो जमिनीला टेकला की नाही हे दिसत नाही. म्हणूनच त्या काळी दर चार इशाऱ्यांपैकी सुमारे तीन वेळा टोर्नेडो होत नसे.

अशा इशाऱ्यांना आम्ही शास्त्रज्ञ ‘खोटे इशारे’ म्हणतो. हा शब्द फसवा आहे, कारण भोवरा खराच असतो. भोंगे ऐकून सरावलेल्या जॉपलिनमधील अनेकांनी आधी खात्री करून घेण्यात वेळ घालवला, असे नंतरच्या सरकारी पाहणीत आढळले. खरे तर हिशेब सोपा आहे. इशारा पाळला आणि टोर्नेडो आला नाही, तर अर्धा तास वाया जातो. इशारा पाळला नाही आणि टोर्नेडो आला, तर जीव जातो.

आसरा म्हणजे तळघर. ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरची, मधली, बिनखिडक्यांची लहान खोली. तेथे खाली वाकून डोके झाकून बसावे. शाळेत मोठ्या छताचे सभागृह टाळावे, कारण असे छत लवकर कोसळते.

आपल्या हवामान खात्याच्या रंगांमागेही हाच विचार आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. वर्गात विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: लाल इशाऱ्यानंतर पाऊस पडला नाही, तर इशारा चुकला असे म्हणावे का?