पीसीवरचा बास्केटबॉल : नाव नवं, डाव कोणता?

‘‘बाबा, एनबीएचा गेम घ्यायचाय. कन्सोल नको, आपल्या पीसीवरच चालेल!’’ चिरंजीवांचं हे वाक्य ऐकून कुठल्याही वडिलांना बरंच वाटेल. कन्सोलचे पन्नासेक हजार वाचले की! पण पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : गेम नेमका कोणत्या वर्षीचा?

‘एनबीए टूके’ ही मालिका १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलवर सुरू झाली. पीसीवर यायला तिला २००८ उजाडलं. खरी गोम झाली ती २०२० मध्ये. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स बाजारात आले आणि टूके २१ चे दोन अवतार निघाले. नव्या कन्सोलला नवा कोरा खेळ. पीसीला मात्र प्लेस्टेशन ४ च्या पिढीचा जुना. नाव तेच! घरी कितीही तगडं ग्राफिक्स कार्ड असो, खेळ जुनाच मिळायचा. हा प्रकार टूके २४ पर्यंत, म्हणजे सलग चार गेम चालला. शेवटी स्टीम या ऑनलाइन दुकानावर पीसीवाल्यांनी टूके २४ ला अक्षरशः धुऊन काढलं.

सप्टेंबर २०२४ च्या टूके २५ पासून मात्र पीसीलाही नव्या पिढीचा खेळ मिळाला. खऱ्या सामन्यांच्या चित्रफितींवरून खेळाडूंच्या हालचाली उतरवणारं ‘प्रोप्ले’ तंत्र आलं, महिलांच्या लीगमध्ये कारकीर्द घडवण्याची सोयही आली. तेव्हा जुना गेम स्वस्तात दिसला म्हणून भुलू नये. शिवाय दोन-अडीच वर्षांनी कंपनी जुन्या गेमचे सर्व्हर बंद करते, मग ऑनलाइन खेळणं संपलंच.

आता आपला पीसी. टूके २५ ला दीडशे जीबी जागा लागते. पन्नास एमबीपीएसच्या कनेक्शनवर नुसतं डाउनलोड व्हायलाच सात तासांच्या आसपास जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. ऑफिसच्या कामाचा साधा लॅपटॉप इथे हात टेकतो. आणि चित्र अडखळलं तर फक्त डोळ्यांना त्रास होतो असं नाही. बास्केटमधला नेम बटण नेमक्या क्षणी सोडण्यावर असतो. सेकंदाला साठ चित्रं धरली, तर एक चित्र जेमतेम सतरा मिलिसेकंदांचं. मधली चार चित्रं गळाली की नेम चुकलाच!

कीबोर्डवर खेळता येतं, पण मजा नाही. कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली. गेमपॅडची काडी थोडी, अर्धी, पूर्ण अशी हवी तशी झुकवता येते आणि ड्रिबलिंगची सारी गंमत त्यातच आहे. त्यामुळे गेमपॅडचा खर्च आधीच धरावा.

आणखी एक मेख. टूके २५ मध्ये पीसीवाल्याला कन्सोलवाल्या मित्राशी ऑनलाइन खेळता येत नाही. वर ‘व्हीसी’ नावाचं गेममधलं चलन! पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये आपला खेळाडू झटपट तरबेज करायचा तर पुन्हा खरे पैसे. हा लोभीपणाच म्हणायचा. मुलाच्या खात्याला कार्ड जोडून ठेवू नये. घरच्या घरी, कॉम्प्युटरविरुद्ध साधा सामना खेळायला व्हीसीची गरज पडत नाही.

स्टीमवरून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. तेव्हा पहिल्या तासातच एक पूर्ण सामना खेळून पाहावा आणि चित्र अडखळतंय का, ते बघावं.