ॲव्हरेज कुठे गळालं?

लिटरला 23 किलोमीटर देणारी आमची हायब्रिड गाडी एप्रिलमध्ये अचानक 17 वर आली. उन्हाळ्यात एसीमुळे थोडी घट समजते, पण एवढी? पहिला संशय अर्थातच पंपावर! पंप बदलला, फरक नाही. टायरमधली हवाही ठीक. मेकॅनिकने मात्र आधी मागच्या सीटखालची जाळी शोधली. मीच हौसेने घातलेल्या नव्या सीटकव्हरखाली ती पार झाकली गेली होती. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत अशाच जाळीतून बॅटरीला गार हवा मिळते. बॅटरी तापली की गाडीतला संगणक तिचं काम कमी करतो. ब्रेक दाबताना तयार होणारी वीज पुरेशी साठत नाही आणि भार इंजिनावर, म्हणजे पेट्रोलवर पडतो.

कव्हरला कात्री लागली. पंपावरच्या ज्या पोराला मी चोर म्हणालो होतो, त्याच्याकडेच आता पुन्हा पेट्रोल भरतो, नजर चुकवत.